बोला, घाई नाही

चौऱ्याऐंशी सालचा श्रावण. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केसरनं जळगावच्या एका डाळमिलला ट्रंककॉल जोडला, आणि पलीकडून आवाज आला, "बोला… घाई नाही."

तिचा हात प्लगवरच राहिला. देवपूरच्या अंधशाळेत तिचे वडील अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाला हेच म्हणायचे. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. ती अजून धड रडलीही नव्हती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"मोतीलाल गुरुजींनी. ही नोकरी त्यांनीच शोधली माझ्यासाठी. मी रुजू झालो तेव्हा ते नव्हते."

"मी त्यांची मुलगी."

मग हळूच, "ताई—"

"ताई नको," ती चटकन म्हणाली आणि स्वतःच लाजली. "आम्ही ऑपरेटर गावाच्या नावानं बोलावतो. मी धुळे."

"मी निंबा… म्हणजे, जळगाव."

निंबाची नोकरी महिन्याच्या बोलीवर होती. शेठना पटलं तर कायम. नाहीतर पारोळ्याजवळच्या खेड्यात, भावाच्या ओट्यावर बसून दोर वळायचे. शेवटच्या आजारातही गुरुजी विचारायचे, 'निंबाचं काय ठरलं?' आता तो प्रश्न केसरकडे आला होता.

मिलच्या फोनबोर्डावर कॉल आला की पडणारी झडप निंबा बोटांनी ओळखायचा, निरोप ब्रेलमध्ये टोचून घ्यायचा आणि संध्याकाळी शेठना वाचून दाखवायचा. कॉल जोडता जोडता दोन शब्द जास्तीचे होऊ लागले.

"धुळे, तिकडे पाऊस आहे ना?"

"कसं कळलं?"

"तुमच्या मागे पत्रा वाजतोय. वेणीही ओली असेल."

"वेणी ऐकू येते?"

"नाही. ती… अंदाजानं."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पाचच्या कॉलला, पलीकडून नुसतं "बोला" आलं.

"आणि 'घाई नाही' कुठं गेलं?"

"धनसिंगभाऊंनी, आमच्या कारकुनांनी, माझे कागद चहाच्या शेगडीत घातले. भोकं पडलेले कोरे कागद, रद्दीच वाटली त्यांना. आजचे बठ्ठे निरोप गेले. मीच आधी सांगून ठेवायला हवं होतं. शेठ सहाला भुसावळहून येतील."

केसरनं इकडेतिकडे पाहिलं. मिलचा सगळा व्यापार धुळ्याकडचा, म्हणजे प्रत्येक कॉलचं तिकीट, वेळ आणि नावाची चिठ्ठी, तिच्याच खणात. दुसऱ्याला वाचून दाखवणं नियमात नव्हतं. तिनं गठ्ठा ओढला.

"सव्वादहा. शिरपूर, झुलाल आबा."

"…तूर चाळीस पोती. ट्रक गुरुवारी."

"अकरा वीस, नंदुरबार."

"भाव ऐकून खवळले होते. शब्दशः सांगू शेठना?"

"शिव्या गाळा."

नाव आलं की निरोप आपसूक वर यायचा. सोळा झाले. सतरावा, पावणेचारचा, दोंडाईच्याचा, काही केल्या येईना.

"आठवा ना."

"तो जोडताना तुम्ही विचारलंत, जेवलात का. त्यापुढचं… मला काहीच आठवत नाही."

केसरला हसूही आवरेना आणि काळजीही.

दुसऱ्या दिवशी पहिला कॉल तिनं मिलला जोडला.

"सोळा सांगितले," निंबा म्हणाला. "सतरावा विसरलो, तेही सांगितलं. शेठ म्हणाले, माझे रोज चार विसरायचे राहतात. आजपासून पक्का."

केसरच्या छातीवर इतके दिवस बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं, आणि डोळे आपोआप वाहत होते.

"ऐकू येतंय मला," तो म्हणाला.

"येऊ द्या."

रविवारी तो एस.टी.नं केसरच्या घरी आला. गुरुजींच्या तसबिरीचा हार त्यानं बोटांनी चाचपला, वाकून नमस्कार केला. मग ओसरीवर आला आणि हातातली पांढरी काठी उगाच फिरवत राहिला.

"धुळे—"

"इथं मी केसर."

"केसर… मला… म्हणजे मी…"

पत्र्यावर सर वाजू लागली. वेणी खरंच ओली होती.

"बोला," ती म्हणाली. "घाई नाही."

निंबा हसला. त्यानं हात पुढे केला, थोडा चुकीच्या दिशेनं. तिनं तो मध्येच धरला. तो घरच्या बोलीत म्हणाला,

"आज माले घाई शे."