खांबाखालचा झरा

ऐझॉलमध्ये घर वर चढत नाही, खाली उतरतं. दार रस्त्यावर, दाराशी स्वयंपाकघर, त्याखाली झोपायच्या खोल्या आणि सगळ्यात खाली उतारात रोवलेले खांब. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या पी बियाकमोईने ('पी' म्हणजे मिझोत आदराने 'बाई') आपल्या घराचा नकाशा स्वतः काढला होता. अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी दरीकडे रुंद खिडकी, आणि तळाचा जुना झरा मोकळा ठेवून खांबांच्या जागा. ख्रिसमसला आईला इथं आणायचं होतं.

त्या दुपारी ती पडद्यांची मापं घ्यायला आली आणि जिन्यात अडखळली. पायरीपायरीवर पाण्याचे डबे. पत्र्याचे, गंजलेले, एकामागे एक, थेट खाली धुक्यात गेलेले.

"थांगा! हा पसारा कुणाचा?"

कंत्राटदार रोथांगा पान चघळत आला. डबे बघून त्याचं चघळणं थांबलं. "मजुरांचे नाहीत, पी. ते तर परवापासून फिरकलेच नाहीत."

"का?"

तो घुटमळला. मग एकदाचं सांगून टाकलं. मधला खांब त्याने झऱ्याच्या तोंडावरच उभा केला होता, म्हणून मजूर घाबरून पळाले होते. "कोरडाच होता हो. त्यासाठी कोण जागा बदलत बसणार?"

बियाकमोईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नकाशात लाल खूण काय मी शोभेला केली होती? तिथं माणसं गेलीत, थांगा!"

हे आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. पूर्वी या उतारावर वस्ती होती. दरड कोसळली तेव्हा अर्धी वस्ती झऱ्यावर डबे घेऊन रांगेत उभी होती.

"विज्ञानाच्या बाई ना तुम्ही?" रोथांगा हसला.

"आणि तू? लोकांचं पाणी तोडणारा! खाली जा आणि फोड तो खांब."

"अहो, घर बसेल!"

"बसू दे! जा म्हणते ना!"

घण उचलून, डबे लाथाडत, पुटपुटत तो उतरला. पत्र्याचा खडखडाट धुक्यात खाली खाली गेला आणि मध्येच बंद पडला. ओल्या मातीचा वास वर आला. मग कुजबुज. पाण्याला उभ्या असलेल्या बायका बोलतात तशी, कंटाळलेली.

लाथाडलेले डबे पुन्हा जागच्या जागी उभे होते. सगळ्यात वरचा आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकला होता. मघाशी तो दोन पायऱ्या खाली होता.

"थांगा... वर ये."

"पी..." आवाज त्याचाच होता, पण इतका गरीब तिने कधी ऐकला नव्हता. "मी शेवटी आहे... रांग सोडून येता येत नाही..."

तरी तिचा संताप ओसरेना. आईची खोली, आईची खिडकी, आणि हे कोण उपरे!

"हे माझं घर आहे!" ती ओरडली. "चालते व्हा सगळे!"

कुजबुज थांबली. मग धुक्यातून एका बाईचा आवाज आला, तिच्याइतकाच संतापलेला.

"आमचंही इथंच होतं."

उंबऱ्यावरचा डबा आता तिथं नव्हता. तिच्या पाठीमागे, जिथं अजून नळजोडणीच झाली नव्हती त्या स्वयंपाकघरात, पत्र्यावर पाण्याची धार पडू लागली. आणि जिन्यातले सगळे डबे एक पायरी वर सरकले.