शिरकोटची कारवी

माघातल्या त्या पहाटे शिरकोट गडाचे बुरूज धुक्यातून नुकते डोके वर काढीत होते, आणि उत्तरेच्या उतारावर, जिथे गेल्या भादव्यात सात वर्षांनी फुललेल्या कारवीने सारा डोंगर जांभळा करून सोडला होता, तिथे आता पायथ्यापासून तटापर्यंत एक बोडका पट्टा उघडा पडला होता. तिथली कारवी गडाखालची चौकी राखणाऱ्या मेटकरी चांगोजी लांघी नाइकाने स्वतःच्या हातांनी तोडली होती. त्या पट्ट्याच्या माथ्याशी असलेल्या दिंडी दरवाज्याखालच्या चौकीवर पहारा करताना त्याची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जाई आणि त्याला स्वतःचाच राग येई.

कारवी म्हणजे शिरकोटची खरी तटबंदी. पुरुषभर उंच आणि इतकी दाट, की चोरपावलाने शिरणाऱ्याच्या अंगाखाली काड्या मोडून साऱ्या गडाला जाग यावी. फुलली की ती मरते, बी पडते, त्यातून नवे रान उठते. म्हणून बी पडेपर्यंत तिला कोयता लावायचा नाही, ही मेटकऱ्यांची पिढीजात रीत.

पण पंधरवड्यापूर्वी किल्लेदार सुभानराव दळवी जातीने त्याच्या अंगणात आले होते. आईवेगळ्या सुभानरावांना चांगोजीच्या आईने, धोंडाईने, आपल्या लेकाबरोबर अंगावर पाजले होते. आजही तिच्या पायांवर डोके ठेवल्याशिवाय ते सदरेवर बसत नसत.

"शिबंदीची माणसं थंडीनं काकडताहेत, चांगोजी. घरांच्या कुडांना उत्तरेची कारवी तोडून द्या."

"सरकार, बी तरी पडू द्या. आत्ता तोडली तर पुढली सात वर्सं उतार उघडा."

"उत्तरेचा पहारा आम्ही दुप्पट करू. आईच्या दुधाची आण!"

दारात बसलेल्या धोंडाईने ते ऐकले. त्या आणेपुढे नाइकाने कोयता उचलला. त्याने कारवी तोडली, भारे बांधून दिंडीपाशी रचले. पहारा काही वाढला नाही, आणि कूड तर एकही उभा राहिला नाही.

धुके विरळ झाले. त्या पट्ट्यातून गनीम चढत होता. शे-दीडशे हत्यारबंद माणसे, पण तोंडातून ब्र नाही. गडाला हाकारायला तो दिंडीकडे धावला आणि खंदकाशी थबकला. रात्रीतून कोणीतरी खंदक काठोकाठ भाऱ्यांनी भरला होता. भाऱ्यांवरची वेलीची ती दुहेरी गाठ गडावर त्याच्याखेरीज कोणी मारीत नसे. पलीकडे दिंडी किलकिली होती, आणि तिची किल्ली एकट्या सुभानरावांच्या कमरेला असे.

चांगोजीला रडूच कोसळले. पण वेळ रडण्याची नव्हती. चौकीतल्या शेकोटीची पेटती लाकडे त्याने उचलली आणि भाऱ्यांत खुपसली. सात वर्षांचे बी बोंडांतच जळू लागले. भारे पेट घेईपर्यंत तो तलवार उपसून खंदकाच्या तोंडाशी उभा राहिला; खांद्यात भाला रुतला, तरी हटला नाही. जाळ तटाच्या वर गेला, दिंडी आतून गुपचूप बंद झाली, नगारा वाजला, शिबंदी तटावर धावली आणि गनीम आल्या वाटेने पळत सुटला. गड वाचला.

दुपारी सदर भरली. किल्लेदारांचा आवाज जराही कापला नाही.

"कारवी कोणी तोडली, नाईक?"

साऱ्या गडाने पाहिले होते. "म्या तोडली. तुमच्या हुकमानं."

"हुकमाचा कागद?"

दूधभावांत कागद कुठला! धोंडाई पुढे आली. "आण माझ्या दारात वाहिली, म्या कानांनी ऐकली."

"आईची माया बोलते आहे," सुभानराव मृदूपणे म्हणाले. "भारे यांचे, गाठही यांची, गनिमाशी सौदा फिसकटला म्हणून जाळले. तरी दूधभाऊ म्हणून आम्ही जीव बख्शतो. आजच गड उतरावा."

ज्यांचे जीव त्याने वाचवले होते, तेही जमिनीकडे पाहत राहिले.

रक्ताने भिजलेल्या लेकाला धरून धोंडाई निघाली, तेव्हा सुभानराव उठले आणि साऱ्यांदेखत, नित्याप्रमाणे, तिच्या पायांशी वाकले.

म्हातारीने पाय मागे घेतले.

"सुभान्या, जे पाजलं ते परत घेता येत न्हाई," ती म्हणाली, "न्हाईतर आज घेऊन गेली असती."

आणि मायलेकरे त्या बोडक्या उतारावरून खाली उतरू लागली.