शेऱ्याचा रकाना

“वहीत लिवायचं, काकू. तोंडी न्हाय. वहीत न्हाय म्हंजे गळतच न्हाय!”

भाडेकरार झाला त्या दिवशी हंबीरराव असं म्हणाले होते आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसले होते. कसबा बावड्यातल्या त्या तीन मजली इमारतीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे, मालक पुण्याला. अनुजाताईंना मोठ्यानं बोलायची सवयच नव्हती. लिहायचं म्हटल्यावर त्यांना उलट बरं वाटलं.

गळत होतं ते मागच्या खोलीत. वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. पाऊस सरून दोन महिने झाले होते. साखर कारखाना सुरू होऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख बसायला लागली होती. तरी छताच्या कोपऱ्यातून बादलीत थेंब पडतच होता. आणि खोली तर लेकीच्या बाळंतपणासाठी ठेवलेली. तेजस्वीचं पहिलं मूल गगनबावड्याहून दवाखान्यात पोचेपर्यंत पोटातच गेलं होतं. या खेपेला दवाखाना हाकेवर हवा, म्हणून तर ताईंनी गाव सोडून ही जागा घेतली होती. जावई सैन्यात. घरात मायलेकी दोघीच.

पूजा आणि जपाच्या अकरा माळा झाल्या की ताई खाली उतरत. वॉचमन केरबाच्या खोलीत खिळ्याला सुतळीनं बांधलेली वही होती. तारीख, फ्लॅट, तक्रार, शेरा असे चार रकाने. ताई लिहीत, “मागील खोलीत गळती आहे. कृपया पाहावे.” शेऱ्याचा रकाना कोरा. असं अकरा दिवस चाललं. तेजस्वी चिडवायची, “आई, सोळा सोमवारासारखं व्रतच धरलंयस की. उद्यापन कधी?”

बाराव्या दिवशी शेऱ्यात दोन शब्द होते. “पाहून गेलो.”

अक्षर बारीक, सुबक. ताई त्या शब्दांकडे बघत राहिल्या. काल वहीत लिहून आल्यापासून त्या घरातच होत्या, दाराला आतून कडी होती.

“केरबा, काल कोण आलं होतं वर?”

“कोन न्हाय, आक्का. मी हितनं हाललो न्हाय. पर ही वही तेवढी ओली लागती हाताला, सकाळच्या पारी.”

दुसऱ्या दिवशी लिहिलेलं होतं, “काम झाले. बाळंतिणीची खाट खिडकीच्या भिंतीला लावू नका.”

खाट तिथं लावायचं ताईंनी आदल्या संध्याकाळी मनातल्या मनात ठरवलं होतं. तेजस्वीलाही सांगितलं नव्हतं. त्या धापा टाकत वर आल्या. बादली कोरडी. छतावर डागसुद्धा नव्हता. नवा चुना दिल्यासारखा कोपरा पांढरा, आणि फरशीवर सिमेंटचा एक कण नाही.

त्यांनी हंबीररावांना फोन लावला.

“माझा प्लंबर आठ दिस झालं जोतिबाला गेलाय. मी कुनाला धाडू?”

“मग काम कुणी केलं?”

“गळायचं थांबलं न्हवं?”

“थांबलं.”

“मग झालं की! लोक काम हुईना म्हनून बोंबलत्यात, तुमी झालं म्हनून!”

घरी आलेलं माणूस पाणी न घेता गेलं, ही रुखरुख मात्र ताईंना लागली. कुणी का असेना, उपकार केले होते. हाताला वळण होतं तसं त्यांनी लिहून टाकलं, “आभारी आहे. न बसताच गेलात. पुन्हा अवश्य यावे.”

सकाळी शेरा होता, “येतो. पाचवीला.”

ताई त्यानंतर वहीकडे फिरकल्या नाहीत.

मुलगी झाली. सिझर करावं लागलं, पण दोघी सुखरूप. पाचव्या दिवशी दुपारी त्यांना घरी आणलं. बाळंतिणीचं घर, म्हणून देवघराला पडदा होता. जपमाळ पेटीत होती. ज्या दिवसांत ताईंना देवाची सर्वांत जास्त गरज होती, त्याच दिवसांत देवाला हात लावता येत नव्हता.

संध्याकाळी पाटा-वरवंटा पुजायचा होता. शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. रात्री सटवाई येते, बाळाचं नशीब लिहून जाते. कागद आणायला म्हणून ताई खाली उतरल्या आणि पाय आपोआप केरबाच्या खोलीकडे वळले.

त्यांच्या आभाराखाली नवी ओळ होती.

“कोरा कागद नको. ही वही ठेवा. बाळाचे मी लिहितो.”

त्यांनी मागची पानं उलटली. दोन वर्षांपूर्वीचं पान. फ्लॅट तोच, तीनशे चार. मागच्या खोलीत गळती. शेरा, “पाहून गेलो.” मग कुणा क्रांतीनं खाली सही करून आभार मानले होते. शेरा, “येतो.” आठ दिवसांनी त्याच क्रांतीचं वाकडंतिकडं अक्षर, “पाळणा काढला आहे. आता कृपया येऊ नये.”

त्यापुढे थेट ताईंच्या पहिल्या तक्रारीपर्यंत तीनशे चारची नोंद नव्हती.

“केरबा, ही क्रांती कुठं असते आता?”

केरबानं मान खाली घातली. “त्येंचं नका इचारू, आक्का.”

पळून कुठं जायचं? टाके ओले असलेली लेक, पाच दिवसांचं बाळ. आणि ‘यावे’ असं ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

त्यांनी पेन उचललं.

“बाळाचे काही लिहू नये. लिहायचेच असेल तर माझे लिहावे. मी स्वतः वही घेऊन येते. शब्द देते.”

वही मिटली. डोळे मिटून अंबाबाईचं नाव एकवीस वेळा घेतलं. वही उघडली.

शाई ओली होती.

“बरं. टाकीपाशी या.”

ताईंनी वहीची सुतळी सोडली. केरबा उठून उभा राहिला.

वर येऊन ताईंनी पाटा-वरवंट्याला हळदकुंकू वाहिलं. कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं, दिवा लावला. नातीच्या कपाळावर ओठ टेकले. कपाळ ऊबदार होतं, कोरडं.

“कुठं निघालीस, आई?”

“गच्चीवर जाऊन येते जरा.”

“गच्चीला कुलूप असतंय की. किल्ली हंबीररावांकडं.”

“बघते.”

पदराखाली वही धरून त्यांनी दार अलगद ओढून घेतलं. बाळ जागं होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि जिना चढू लागल्या.

गच्चीचं दार उघडं होतं. संध्याकाळच्या वाऱ्यानं ते आपटू नये म्हणून कुणीतरी पलीकडून ते धरून उभं होतं.