कपाळावरचा मधला पट्टा

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, हे मलाही माहितेय. अमावस्या लागते, कुत्रं रडावं लागतं. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. त्याला मी काय करू? घडलं तसं सांगतो.

भर दुपार होती. गेल्या वर्षीच्या बसवजयंतीची. गाव मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव. लाईट गेलेली, पोटात हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, डोळ्यांवर झापड.

ज्याला खोटं वाटतं त्यानं मुरुमला जाऊन माझ्या अक्काला विचारावं.

फक्त जरा लवकर जावं...

मी शिवकुमार. धाराशिवला कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या खऱ्याखोट्या कागदांच्या कॉप्या काढतो. खोटं कसं दिसतं ते मला बरोबर कळतं.

हे खोटं नाही.

माझी थोरली बहीण राजेश्वरी मुरुमला दिलेली. तिचे मालक राजशेखर, म्हणजे आमचे दाजी, यांची तिथं आडत. तूर, हरभरा, सोयाबीन. माणूस सोन्यासारखा. फक्त एक खूळ होतं.

पाईप.

नळाचा नव्हे. तोंडात धरून ओढायचा, साहेब लोकांचा. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर कुणा गोऱ्या म्हाताऱ्याला शेकोटीपाशी बसून पाईप ओढताना बघितलं, आणि दाजी बिघडले. आडतीच्या गादीवर मांडी घालून धूर सोडायला लागले. वास मात्र भारी. आइस्क्रीमसारखा गोड.

शेतकरी यायचे तुरीचा भाव विचारायला, आणि विचारायचे, "शेठ, चिलीम वाकडी कशानं झाली?"

दाजी चिडायचे नाहीत. मास्तरासारखं समजावून सांगायचे. "चिलीम न्हाय बाबा. ब्रायर म्हणत्यात ह्याला. विलायती झाडाचं मूळ. जळत न्हाय."

"जळत न्हाय तर मग वढता काय?"

यावर दाजी तोंडभर धूर सोडायचे.

बघता बघता पाईप वाढले. कुठून कुठून पार्सलं यायची. ठेवायचे कुठं? दाजींनी अक्काच्या ओट्यावरचा चमच्याचा स्टँड ताब्यात घेतला. एकेका खाचेत एकेक पाईप, उलटा टांगलेला.

"उलथनं ठेवायला जागा न्हाय माझ्या घरात," अक्का म्हणायची, "आन् ह्यांच्या चिलमी बघ कशा वळीनं बसल्यात. पंगतीला बसल्यावानी."

"चिलीम म्हणू नको गं. कलेक्शन म्हण."

"मेलं कलेक्शन."

या छंदाचे नियम असतात. दाजी मला ऐकवायचे. आज ओढलेला पाईप उद्या ओढायचा नाही, त्याला विसावा द्यायचा. तंबाखू एकदम कोंबायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम जुन्या पाईपचा. ओढून ओढून पाईपच्या आत काळा थर बसतो. दुसऱ्याचा जुना पाईप घेतला, तर तो थर आधी खरवडून टाकायचा. तो त्या माणसाचा असतो. त्याच्यावर आपण ओढायचं नाही.

नियम त्यांनीच सांगितला.

मोडला पण त्यांनीच.

बसवजयंतीच्या आधी दाजी कोर्टाच्या कामाला धाराशिवला आले होते. काम झाल्यावर मला म्हणाले, चल येडशीला, एका भंगारवाल्यानं फोटो पाठवलाय. गेलो. फुटका कुकर, सायकलचं चाक, आणि त्या ढिगात एक काळा, जाडजूड पाईप. भंगारवाल्यानं तो वांग्यासारखा काट्यावर टाकून वजनावर दिला.

"फॉरेस्टच्या रेंजर सायबाचा हाय," तो म्हणाला. "रिटायर होऊन इथंच ऱ्हायले होते. वारले. पोरं आली पुण्यावरनं, म्हणाली सगळं उचला."

मी आत डोकावलो. थर एवढा जाड, की करंगळी जाईना.

"दाजी, खरवडा आता."

"येडा का तू, शिवा? असा थर जमायला जन्म जातो माणसाचा. हे बांधून तयार घर हाय. आपण नुसतं ऱ्हायला जायचं."

मी हसलो तेव्हा.

घर रिकामं आहे का, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही...

बसवजयंतीला मी सणासाठी मुरुमला होतो. दाजींनी सकाळीच तो पाईप पहिल्यांदा ओढला. राख एका पितळी डबीत झाडून ठेवली. नव्या पाईपला आतून राखेचा हात द्यायचा असतो म्हणे. आणि ती डबी ठेवली कुठं, तर देवघरात. घरात कुणी उचकापाचक करत नाही अशी तेवढीच जागा, असा त्यांचा हिशोब. मग ते गेले मिरवणुकीला.

दाजींच्या आई, रुद्रम्मा. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. अव्वांकडचं भस्म नेमकं संपलेलं. मठाचे स्वामी आणून देणार होते, ते मिरवणुकीत अडकले. आता लिंगायताच्या घरात सणादिवशी कपाळ कोरं ठेवायचं कसं?

अव्वांनी डबी उघडली. हुंगली.

"अय्यय्यो! छलो अद, छलो अद!" अव्वा खूश झाल्या की कानडीत शिरतात. "बघ गं राजेश्वरी, कसला गोड वास. पोरानं श्रीशैलचं भस्म मागवलं आन् बोलला पण न्हाय मला."

आधी स्वतःच्या कपाळाला तीन बोटं ओढली. मग अक्काच्या. मग माझ्या. तेवढ्यात दाजी आले, पाया पडायला वाकले. अव्वांनी त्यांच्या कपाळावर चांगले ठसठशीत तीन पट्टे ओढले.

दाजींनी वास घेतला. उघडी डबी बघितली. माझ्याकडं बघितलं.

आणि डोळा मारला.

मला इतकं हसू फुटलं की नंतर जेवताना हुग्गी नाकात गेली. "राखच की रे ती," दाजी कानात म्हणाले. "भस्म म्हणजे तरी काय?"

जेवून आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत आडवे झालो. अव्वा आणि अक्का शेजारी गेल्या होत्या. पंखा बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि आवाज आला.

गुर्र... गुर्र... गुर्र...

हा आवाज मला पाठ होता. पाईपच्या नळीत ओल साठली की ओढताना तसा आवाज होतो. हुक्क्यासारखा. म्हटलं, दाजींना झोप येईना, बसले ओढत.

एक डोळा उघडला.

दाजी माझ्या शेजारीच होते. गाढ झोपेत. तोंड उघडं.

गुर्र... गुर्र...

आवाज स्वयंपाकघरातनं येत होता.

मी उठून गेलो. कुणी नाही. चमच्याच्या स्टँडमध्ये सगळे पाईप उलटे टांगलेले, गप. मी जवळ गेलो तसा आवाज थांबला. येडशीच्या पाईपला हात लावला...

आणि झटकन मागं घेतला. भाकरीचा तवा असावा तसा गरम.

उलटा टांगलेला पाईप. खाली राखेचा कण नाही. आणि घरभर आइस्क्रीमचा वास.

मी बाहेर पळालो, दाजींना हलवलं. ते उठून बसले. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काय रे? पळत आल्यासारखं का वाटतंय मला?"

मी त्यांच्या कपाळाकडं बघत होतो.

अव्वांनी तीन पट्टे ओढले होते. आता दोनच होते. वरचा आणि खालचा. मधला... साफ. जणू तिथं कधी बोट टेकलंच नव्हतं.

घाम आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

जे झालं ते मी सांगितलं, आणि त्या दिवसापासनं दाजींनी एकही पाईप तोंडाला लावला नाही. आणि त्याच दिवसापासनं त्यांचा दम जायला लागला.

आधी जिना चढताना. मग चालताना. मग बोलताना. अक्का फोनवर सांगायची, आज परत पाईप गरम होता, आज परत ह्यांना धाप लागली. दोन्ही एकाच वेळी. स्वामींचं खरं भस्म घरात आलं. अव्वा रोज सकाळी त्याचे तीन पट्टे ओढायच्या. दुपारपर्यंत दोन उरायचे.

सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. मी बरोबर होतो.

"पाईप सोडा," डॉक्टर म्हणाले.

"सोडलाय."

डॉक्टरांनी नाक पुढं केलं. "मग हा वास कसला?"

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला, फोटोवरचं नाव बघितलं, दाजींकडं बघितलं, परत नाव बघितलं. "फोटो बदलला की काय आमच्या माणसाकडनं? ही छाती तर सत्तरीतल्या माणसाची आहे. जन्मभर ओढणाऱ्याची."

फोटो परत काढला. तोच आला.

अव्वांनी मग उपाय केला. परसात पाणी तापवायची चूल होती, तिच्यात पाईप घातला. वर रॉकेल ओतलं. चूल भडकली...

आणि विझली. आत फुंकर मारल्यासारखी.

राखेतनं पाईप बाहेर काढला, तर नव्यासारखा चकचकीत. दाजी खाटेवरनं बघत होते. दम लागलेला, तरी चेहऱ्यावर मास्तर आलाच.

"सांगितलं... न्हवतं का... ब्रायर... जळत न्हाय."

शेवटी मी तो पाईप पिशवीत घातला आणि येडशी गाठली. ज्याचं त्याला परत द्यायचं. रेंजर साहेबांच्या घराला कुलूप. शेजारी नागूबाई म्हणून म्हातारी, साहेबांचा स्वयंपाक करायची. मी पिशवीतनं पाईप काढला, तशी ती दोन पावलं मागं सरली.

"त्यो हितं नगं."

"मावशी, दारात ठेवून जातो नुसता."

"नगं म्हनते न्हवं! भंगारवाल्याच्या गाडीत म्याच टाकला त्यो. सायेब गेल्यावर बी लई ऐकलं त्याचं गुरगुर." मग जरा नरमली. "सायबाचं शेवटी लई हाल झालं बगा. दमच उरला न्हाय वढायला. डबाभर तंबाकू शिल्लक. मला म्हनायचे, नागूबाई, श्वास संपला आन् तंबाकू उरली. त्येच लई लागलं त्यांच्या जिवाला."

बोलता बोलता ती थांबली. माझ्या कपाळाकडं बघत राहिली.

"तुमी बी?"

"मी बी काय?"

तिनं उजवा हात वर केला. तीन बोटं धरली... आणि मधलं दुमडलं.

"सायबाला ह्ये बोट न्हवतं. जीपच्या दारात गेलतं. भस्माचं दोनच पट्टे उमटायचे."

मी तिला पट्ट्यांबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

तिनं दार लावलं. आतनं कडी घातल्याचा आवाज आला. मी मोबाईलचा कॅमेरा उघडून स्वतःचं कपाळ बघितलं. सकाळी अंघोळ करून मीच तीन बोटं ओढली होती.

दोन होते.

पाईप वाटेत फेकून द्यायचा, असं दहादा मनात आलं. पण कुणाच्या रानात टाकू? कुणाच्या हाती लागला तर? पिशवी घेऊन तसाच मुरुमला गेलो.

दाजी भिंतीला टेकून बसले होते. आडवं होता येत नव्हतं त्यांना. मला जवळ बोलावलं.

"शिवा... एक झुरका न्हाय रे घेतला मी. मग माझ्या छातीत... बसून... वढतंय कोण?"

पिशवीतनं आवाज आला. गुर्र...

त्यांची छाती आत गेली.

गुर्र...

आणखी आत.

अक्कानं माझ्या हातातनं पिशवी हिसकली आणि अंगणात भिरकावली. अव्वा लेकाच्या छातीवर हात दाबून बसल्या, जणू दार दाबून धरलंय. काही उपयोग झाला नाही. अंगणातनं आवाज येत राहिला, हळूहळू, चवीनं. मग थांबला.

दाजी पण थांबले.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. मांडी घातलेली, बेलाची पानं, भस्म. दाजी खड्ड्यात बसले होते, आडतीच्या गादीवर बसायचे तसेच. अक्का पुढं आली आणि पदराखालचा पाईप त्यांच्या मांडीवर ठेवला.

स्वामी दचकले. "अहो ताई, चिलीम कशाला?"

"चिलीम न्हाय ती," अक्का म्हणाली. "कलेक्शन हाय त्यांचं."

माती लोटायच्या आधी मी कपाळाकडं बघितलं. स्वामींनी भस्म लावून बराच वेळ झाला होता. तीन पट्टे. पूर्ण. मधला पण.

मला इतकं हायसं वाटलं. म्हटलं, सुटले दाजी. संपलं एकदाचं.

दाजी संपले म्हणून तो त्यांच्या कपाळावरनं उठला होता, एवढंच. हे मला तेव्हा कळलं नाही.

परवा दुपारी अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. अव्वा जेवत नाहीत म्हणाली. मध्ये मध्ये थांबत होती. ती थांबली, की फोनमधनं काहीतरी ऐकू यायचं.

"अक्का, कोण बसलंय जवळ?"

"कोण न्हाय. अव्वा मठात गेल्यात."

"मग तो पाईप..."

"पुरलाय की रे त्यो. तूच माती लोटलीस."

"मग गुरगुर कशाची?"

तिनं दम घेतला.

गुर्र...

"माझीच हाय, शिवा."

डॉक्टर झाला, स्वामी झाले, चूल झाली, येडशी झाली. आता कुणाकडं जायचं, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा. अक्काचं जिना चढणं बंद झालंय.

मी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. रोज सकाळी कपाळावर तीन बोटं ओढतो, दुकान उघडतो, आणि मान खाली घालून कॉप्या काढत बसतो. आरसा काढून टाकलाय.

काल एक वकील साहेब आले. मी कॉपी काढून हातात दिली. त्यांनी कागद नाकाजवळ नेला, हुंगला, आणि खूश होऊन हसले.

"काय शिवकुमार, पाईप ओढायला लागलास की काय? वास मस्तय हं."