तांबनदीच्या पुलाचा पहिला घाव

आषाढातल्या त्या पहाटे घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसाचे गढूळ लोंढे घेऊन तांबनदी दोन्ही काठ खात वाहत होती, पलीकडच्या माळावर मोगलांच्या राहुट्या धुक्यातून वर येत होत्या आणि कसबे वडघरचे देशमुख रायभानराव, ज्यांच्या पूर्वजांनी हा पूल बांधला, ते जरीचे पागोटे सावरीत, वाजंत्री पुढे घालून, त्याच पुलावरून शत्रूच्या सरदाराला आणायला निघाले होते.

पुलाचे खांब दगडी होते, वरची वाट सागवानी फळ्यांची. आषाढ लागताच देशमुखाने लाकडी मोगरीने पहिली खुंटी ठोकून काढायची आणि मग कोळ्यांनी पुराआधी सगळ्या फळ्या उतरवायच्या, अशी तिथली चाल होती. त्या साली मात्र देशमुखांना मुहूर्तच सापडेना. कधी तिथी वाईट, कधी पोटात दुखे. मनसबीच्या आशेने मोगल सरदार मुसाहिबखानापुढे लाळ घोटणाऱ्या या माणसाने पूल केव्हाच विकला होता. कसब्यामागच्या गडावरची शिबंदी मोहिमेवर गेलेली. वर उरली होती ती बायकापोरे, आणि त्यांच्या व खानाच्या मधे एवढा पूलच काय तो होता.

वाजंत्री पैलतीरी पोचली तेव्हा देशमुखांच्या पत्नी मैनाबाई पायीच पुलापाशी आल्या. कोळ्यांचा म्होरक्या केरोबा खाली मान घालून उभा होता. पहिला घाव पडल्याखेरीज त्याच्या सात पिढ्यांत कोणी फळीला हात लावला नव्हता.

"आईसाहेब, सरकार पलीकडं हायेत," तो म्हणाला. "फळ्या काढल्या तर खान त्यास्नी जित्तं ठेवायचा न्हाई."

"ते आम्ही जाणतो, केरोबा. धनी घरी नसता हा मान कोणाचा, तेवढे सांगा."

केरोबाने मान वर केली. "धनिणीचा," तो म्हणाला.

"मग मोगरी द्या."

खानाचे आघाडीचे स्वार पुलावर चढले होते. बाईंनी पदर खोचला आणि पहिली खुंटी उडवली. मग कोळी तुटून पडले. पलीकडून बाण सुटू लागले, दोन कोळी पाण्यात गेले, तरी बाई काठच्या खांबावरून हलल्या नाहीत. मधली फळी सरकली तसे पुढचे स्वार घोड्यांसकट पुरात गडप झाले आणि मागचे एकमेकांना तुडवीत माघारी वळले.

खानाने देशमुखांचे पागोटे काठीने उडवले. हुजऱ्याने तलवार उपसली, तेव्हा असल्या माणसावर ती कशाला बाटवायची, असे म्हणून खानाने देशमुखांना हाकलून दिले. पूर ओसरेना, वैरण संपली, आणि खान आल्या वाटेने परतला.

देशमुख गुरांच्या एका पडक्या गोठ्यात लपले होते. पाणी उतरल्यावर ते भोपळ्यांच्या सांगडीवरून तरत अलीकडे आले. सांगडीवरही मधोमध बसण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही. काठावर माणसे होती, पण मुजरा कोणी केला नाही. तरी सदरेवर लोडाला टेकताच या गृहस्थांनी, आमच्या हुकुमावाचून पुलाला हात कोणी लावला, असा जाब विचारला.

मैनाबाई समोर आल्या. त्यांचे कपाळ मोकळे होते.

"हे काय?" देशमुख चरकले. "कुंकू कुठे आहे?"

"मोगरी हाती घेण्याआधी पुसले."

"आम्ही जिवंत आहोत."

"कसब्यात तसे कोणी म्हणत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि आत गेल्या.

त्यानंतर रायभानराव पुष्कळ वर्षे जगले आणि दोन्ही वेळा पोटभर जेवले. मैनाबाईंनी मात्र पुन्हा कधी कुंकू लावले नाही.