गंधवेल

तळकोकणातल्या त्या रिसॉर्टमधल्या, गंधवेलीनं भरलेल्या हिरव्या भिंती आज उतरवायच्या होत्या. त्या रचल्या होत्या उद्यानरचनाकार शर्वरी कोल्हटकरनं. मुलगी मुक्ता गेल्यावर तिनं लांबसडक केस बारीक कापून टाकले आणि वर्षभर पुण्याला घरी न जाता ती इथेच काम करत राहिली.

"पाहुणे खोल्या सोडेनात," वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. तांबोळी म्हणाले. "कुणी आईशी बोलतंय, कुणी भावाशी. ती माणसं तर कधीच वारलेली. हे हॉटेल आहे की मसण?"

"वेल तुमचीच, सर."

"माझीच! म्हणून तर झोप उडालीय. गंधवेलीची पानं जवळच्या माणसाचा घाम नि श्वास ओळखतात. नाना वास सोडून बघतात. ज्या वासानं श्वास संथ होतो, तो लक्षात ठेवतात. मला वाटलं, लोकांना मोगरा आवडेल, चंदन आवडेल. पण खोलीत आधीच असलेला वास वेल कशाला देईल? जे हरवलंय तेच देते."

शर्वरीला ते ठाऊक होतं. तिच्या खोलीतली भिंत रोज मुक्ताचा वास द्यायची. खोबरेल तेल आणि पेन्सिलीचा भुसा. त्या वासापायीच तिचा इथून पाय निघत नव्हता.

"एक फांदी नेऊ?"

"अजिबात नाही. दुःखाला खत घालू नकोस, बाई."

मागून मिळाली नाही ते बरंच झालं. चोरून आणलेलं रोप हमखास धरतं, असं तिची आई म्हणायची. शर्वरीनं फांदी ओल्या रुमालात गुंडाळून पुण्याला नेली, नवऱ्यासाठी. हेरंब लेकीच्या मागे एकदाही रडला नव्हता. निदान त्याला तरी तिचा वास मिळावा. तिनं कुंडी त्याच्या खुर्चीशी ठेवली आणि स्वतः मुक्ताच्या खोलीत दार लावून बसली. जेवणाचं ताट तो दाराबाहेर ठेवी आणि तसंच उचलून नेई.

वेल भराभर वाढली. एका संध्याकाळी हेरंब कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. शर्वरीनं धाडकन दार उघडलं. आली, मुक्ता आली! ती धावत त्याच्या खोलीशी गेली.

हेरंब पानांना गाल लावून बसला होता. खोलीभर वास होता शिकेकाईचा आणि उदाच्या धुरीचा. मुक्ता होती तेव्हा दर रविवारी न्हाऊन शर्वरी अशाच धुरीवर लांबसडक केस वाळवायची.

"हेरंब," तिनं दारातून हाक मारली.

त्यानं वळून पाहिलं नाही. वेलीलाच म्हणाला, "आलीस?"