सावलीतल्या खुर्च्या

एकाच खुर्चीवर दोन सोलापुरी चादरी एकाच वेळी पडल्या.

इलाने मान वर केली. समोरच्या मुलानेही केली. फ्लोरिडाहून निघालेलं जहाज नुकतंच क्रूझ कंपनीच्या खाजगी बेटाला लागलं होतं. समुद्र इतका निळा की खरा वाटू नये, वाळू इतकी पांढरी की डोळे मिटावेत... आणि इथे तिच्या हिरव्या मोरांवर त्याचे मरून मोर अंग टाकून पडले होते.

"सॉरी," तो म्हणाला. मग चादरीकडे नीट बघत, पाऊल जपून टाकावं तशा मराठीत म्हणाला, "तुम्ही... सोलापूर?"

"चादर सोलापूरची. मावशी टेक्सासमधल्या फ्रिस्कोची. मी मूळची नागपूरची."

त्याने तिन्ही पत्ते मनात नीट लावून घेतले आणि हसला. "मी देवांग. न्यू जर्सीतलं वेस्ट विंडसर. चादर आईची."

दोघांचं काम एकच होतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या पिढीला जहाज मिळालं, तरी रुमाल काही सुटला नव्हता. त्याची फक्त चादर झाली होती. संध्या मावशीने इलाला पहिल्या लोंढ्याबरोबर खाली पिटाळलं होतं. झाडाखालची अख्खी रांग धर, आम्ही नाश्ता करून येतोच, आणि उठू नकोस. अमेरिकेत शिकायला आल्यापासून दर सुट्टीला मावशीचं घर हेच इलाचं घर होतं. या सहलीलाही मावशीनेच आणलं होतं. तिला नाही म्हणणं इलाला जमत नसे.

वादातली खुर्ची पिशव्यांना देऊन दोघं आपापल्या रांगेच्या टोकाला बसले. झाडावर पाटी होती – मागे सोडलेलं सामान उचलून नेण्यात येईल. गवती टोपीतला एक कर्मचारी ती पाटी खरी करत हिंडतही होता.

"म्हणजे आपण अटकेत," देवांग म्हणाला.

इलाला हसू आलं, पण जीव तिकडे बेटाच्या टोकाकडे लागला होता. टेक्सासच्या विद्यापीठात ती वाळूवर संशोधन करत होती. तिच्या टेबलावर काचेच्या कुपीत याच समुद्रातली चिमूटभर वाळू होती – मोहरीहून बारीक, गुळगुळीत, गोल. ती जिथे तयार होते तो वाळूचा दांडा दुपारच्या ओहोटीला उघडा पडणार होता. उद्या सकाळी जहाज परत फ्लोरिडात. आजचा दिवस, एवढीच संधी.

देवांगने सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. एकाने पोहायला जायचं, दुसऱ्याने दोन्ही रांगा राखायच्या. परत आल्यावर काय पाहिलं ते सांगायचं.

पहिला तो गेला. केसांतून पाणी गाळत आला. "एक मासा होता. निळा."

"कसा निळा? केवढा? तोंड कसं होतं?"

"तोंडाकडे नाही बघितलं यार. पहिलीच भेट होती."

"मग पाण्यात केलंस काय?"

तो जरा ओशाळला. "ऐकत होतो. तो प्रवाळ खातो ना, त्याचा आवाज येतो. खडीसाखर फोडल्यासारखा."

तो शाळेत मुलांना बँड शिकवायचा. पाहुण्यांना त्याची आई 'एज्युकेशनमध्ये आहे' एवढंच सांगायची. इला पाण्यात उतरली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिने पाण्याखाली कान दिला. कुड्... कुड्... खरंच की. इतकी वर्षं ती नुसती बघत आली होती.

परतल्यावर तिने सांगितलं की तो मासा प्रवाळ चावतो, पचवतो आणि मागे वाळू सोडतो. या किनाऱ्यावरची पुष्कळशी वाळू अशीच झालेली.

देवांगने दोन्ही पाय हळूच उचलून खुर्चीवर घेतले.

अशा फेऱ्या होत राहिल्या. तो जाऊन आला की तिच्यासाठी माशाचं तोंडसुद्धा पाठ करून यायचा. ती परतली की आधी आवाज सांगायची. 'तुम्ही'चं 'तू' कुठल्या फेरीत झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मावशीचा पत्ता नव्हता. नाश्त्यानंतर रमीचा डाव बसला असणार, इलाने ओळखलं. आणि खरं सांगायचं तर... तो डाव लवकर मोडू नये असंही तिला वाटू लागलं होतं.

दुपारी पाणी मागे सरलं. दूर एक पांढरी रेघ उमटली.

"तुझा दांडा," देवांग म्हणाला. "जा तू. मी आहे ना."

ती भराभर निघाली. वळणापर्यंत गेली आणि थांबली. आता ती एकटी तिथे पोचणार, डोळे भरून बघणार आणि येऊन त्याला सांगणार. तो छान ऐकेलही. दिवसभर दोघांनी एकच समुद्र पाहिला होता, पण पाळीपाळीने.

ती परत आली. "चल."

"आणि खुर्च्या?"

इलाने रांगेकडे पाहिलं. मावशीचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"मला तुला नंतर सांगायचं नाहीये, देवांग," ती म्हणाली. "दाखवायचंय."

गुडघाभर कोमट पाण्यातून दोघं दांड्यावर पोचले. तिथे कुणी नव्हतं. इलाने ओंजळभर वाळू उचलली. दाणे मोत्यांसारखे चमकले. ती सांगू लागली. हा दाणा नुसता पडून राहिला तर वाढत नाही. लाटेने त्याला पुढे-मागे लोळवत राहावं लागतं. हळूहळू एकावर एक पातळ पुटं चढत जातात...

"हलवा," देवांग म्हणाला.

"काय?"

"आई संक्रांतीला करते तो. तिळावर थोडा थोडा पाक आणि बोटांनी फिरवत राहायचं. मी शेजारी बसायचो. मग त्याचे दागिने करतात, नव्या नवरीला..." तो एकदम समुद्राकडे बघू लागला. त्याचे कान लाल झाले होते.

आपलं काम आईला फोनवर कसं समजवावं, हे कोडं इलाला कधीचं सुटत नव्हतं. त्याने ते एका शब्दात सोडवलं होतं. तिने आपल्या ओंजळीतली वाळू त्याच्या तळव्यावर ओतली... आणि हात मागे घेतला नाही. बेटावरची वाळू न्यायला मनाई होती. दोघांच्या बोटांमधून ती सावकाश पाण्यात परत गेली.

ते आले तेव्हा खुर्च्यांवर अनोळखी माणसं घोरत होती. चादरी गायब. पलीकडे उन्हातच हिरवे मोर अंथरलेले दिसले. त्यांवर मावशी आणि देवांगची आई, पद्मिनी काकू, मांडीला मांडी लावून भडंग खात होत्या. उचललेलं सामान ठेवतात त्या खोपटात, कुठली चादर कुणाची, यावरून दोघींची ओळख झाली होती.

"एवढी शिकलीस," मावशी म्हणाली, "आणि एक खुर्ची राखता येईना."

"चूक माझी, मावशी," देवांग पुढे झाला.

मावशीने त्याला केसांपासून ओल्या पायांपर्यंत न्याहाळलं. पद्मिनी काकूंनी भडंगाचा डबा पुढे केला.

संध्याकाळी जहाज निघालं. बेट बघायला मागच्या डेकवर ही गर्दी. देवांगने कठड्याशी दोन खुर्च्या मिळवल्या होत्या. उद्या तिचं विमान डॅलसला, त्याचं न्यूअर्कला.

"टेक्सासमध्ये तशी वाळू आहे?" त्याने विचारलं.

"नाही. तिथली साधी आहे."

"मग वाळू बघायला येतो असं सांगता येणार नाही."

"नको सांगूस," इला म्हणाली. "खरं कारण सांग."

"खरं कारण... खडीसाखरेचा आवाज ऐकायला पाण्यात उतरलीस ना, ते." तो घाईने उठला. "मी लिंबू सरबत आणतो. मग नीट सांगतो. मराठीत जुळवायला जरा वेळ लागेल."

तो गर्दीत शिरला न शिरला तोच मावशी आली, दमलेली. "हुश्श. इथे कोणी आहे का गं?"

इला सवयीने अर्धी उठली... आणि पुन्हा बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने आपला हात ठेवला.

"हो मावशी. आहे."

मावशीने त्या हाताकडे पाहिलं. मग गर्दीतून दोन ग्लास सांभाळत, ओठांतल्या ओठांत काही घोकत येणाऱ्या देवांगकडे पाहिलं.

"बस मग," ती म्हणाली आणि पद्मिनी काकूंना शोधायला वळली. "पण या वेळी उठू नकोस."